शनिवार, सहा वाजता, पंपाच्या खोलीवर

नोटीसबोर्डावर, टाकी धुण्याच्या सूचनेखाली,
मी लावलेला कागद:
‘तत्त्वज्ञानाचा इतिहास. सर्वांसाठी. फी नाही. चहा आहे.’
खाली कुणीतरी पेनाने: ‘बिस्किट?’

पहिल्या शनिवारी तिघं आले.
एक जण चुकून, त्यांना मेंटेनन्सबद्दल बोलायचं होतं.
पण बसले.

घणसोलीत, या खोलीत,
खालची मोटर सुरू झाली की लादी थरथरते
आणि माझा आवाज अडीच हजार वर्षांवरून घसरतो.
मी ठरवलं होतं, नावं नंतर.
नावं आली की माणसं वही काढतात,
वही काढली की ऐकायचं थांबतात.

म्हणून म्हणालो: धान्याचा ढीग घ्या.
एक दाणा काढला. ढीगच ना?
आणखी एक. अजून ढीगच?
मग नेमका कुठल्या दाण्याला ढीग मेला?
शेलारमामा, कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं मापाडी,
तळव्यावर अंगठा चोळत म्हणाले,
‘ढीग कसला, पावती फाटली की संपला.
खाली उरतो तो झाडूवालीचा.’
मी हसलो. रात्री झोप येईना.
दोन हजारांवर वर्षं शहाणे त्या दाण्यापाशी अडलेले,
झाडूवालीला कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी फळ्यावर रेघ ओढली शतकांची,
डावीकडून उजवीकडे, पट्टी धरून.
रेघेच्या अगदी सुरुवातीचा एक जण सांगितला:
म्हणायचा, त्याच नदीत दोनदा पाय टाकता येत नाही.
पाणी पुढे गेलेलं असतं. पायही तोच नसतो.

मागच्या खुर्चीवरून पदीबाई म्हात्रे.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरची ही इमारत,
तिच्या सासऱ्यांचं इथे खारं शेत होतं.
नातवाची ट्यूशन सुटेपर्यंत ती वर येऊन टेकते.
‘तेचे गावान खारी नव्हती का?’

मला आधी कळलंच नाही.
‘नदी जातं ती जातं. खारीचा पानी परत येतं.
दिसान दोनदा. आज अष्टमी, भांग हाय, थोरा येल.
पुनवेला बांधावर चरंल.
तू पाय टाक नायतर नको टाकू.’

पण ते पाणी तेच असतं का, पदीबाई?
चांगला प्रश्न होता. असं मला वाटलं.
तिनं विचार केला. खरोखर केला,
कप खाली ठेवून.
‘तेच येयाचा. मंग कंपन्या आल्या,
तवा दुसरा येया लागला.
जिताडा गेला. निवट्या गेल्या. पाय खाजाचं.’

आता सांगायला हवं की मी
रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत बावीस वर्षं लॅबमध्ये होतो.
नाल्यात सोडायच्या पाण्याचा नमुना
सकाळी माझ्या टेबलावर यायचा, बाटलीत,
जांभळा, कधी तांबूस.
मी कागदाची पट्टी बुडवायचो.
वहीत लिहायचो सात. साडेसात.
सही.
नेमक्या कुठल्या थेंबाला पाणी दुसरं झालं,
हे कुणी विचारलं असतं
तर मी तारीख सांगितली असती. शिफ्टसुद्धा.

त्या दिवशी हे बोललो नाही.
घड्याळ बघितलं. म्हणालो, पुढच्या वेळी
आत्मा आहे की नाही यावरची भांडणं घेऊ.
शेलारमामांनी कप विसळले.
पदीबाईचा नातू दप्तर ओढत वर आला,
आजीला म्हणाला, चल ना.

फळा पुसायचा राहिलाय.
आज पौर्णिमा. या वेळेला उधाणाची ओहोटी असते,
खाडीचा तळ पार मधोमधपर्यंत उघडा पडतो.
मी पाच वाजताच येऊन बसलोय
एक जुनी वही घेऊन,
हिच्यात नावं नाहीतच, नुसते आकडे.
जिन्यात चपला वाजताहेत.
बिस्किटं आणलीत.